आदर्शवादी बालक आणि हास्याची सत्ता : लिसा सिम्पसन या पात्राचा विचार

1

विनोदी कलाकृतीत आदर्शवादी पात्राचे स्थान कोणते, हा प्रश्न हास्यमीमांसेइतकाच जुना आहे. ॲरिस्टॉटलने सुखात्मिकेचा विषय म्हणून सामान्यांहून हीन अशा माणसांच्या अनुकरणाचा निर्देश केला, तेव्हाच नैतिकदृष्ट्या उन्नत अशा पात्राला या प्रकारात जागा कशी मिळावयाची, ही अडचण गर्भितपणे उपस्थित झाली होती. आंरी बर्गसाँ यांनी 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात या अडचणीचे मार्मिक उत्तर दिले. समाज हसतो तो दुर्गुणाला नव्हे, तर ताठरपणाला. म्हणून लवचीक दुर्गुणापेक्षा ताठर सद्गुण अधिक सहजपणे हास्यास्पद ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मोलिएरच्या ‘ल मिझांथ्रोप’ (1666) या नाटकातील आल्सेस्त हे त्यांचे उदाहरण. आल्सेस्त प्रामाणिक आहे, समाजावरील त्याची टीका बहुतांशी खरी आहे, आणि तरीही प्रेक्षक त्याला हसतो. कारण त्याच्या प्रामाणिकपणाला वळण घेता येत नाही. त्याचा मित्र फिलँत मात्र माणसे जशी आहेत तशी स्वीकारतो, आणि व्यवहारी शहाणपणाचा स्वर नाटकात त्याच्या वाट्याला येतो.

आल्सेस्त आणि फिलँत यांच्यातील हा ताण लोकप्रिय माध्यमांतील एका पात्राच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेतील लिसा सिम्पसन हे ते पात्र. मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेले हे कुटुंब ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमातील छोट्या चित्रांतून 1987 मध्ये प्रथम दिसले. फॉक्स वाहिनीवर 17 डिसेंबर 1989 पासून त्याची अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि तिचे 700 हून अधिक भाग आजवर प्रसारित झाले आहेत. लिसा ही या कुटुंबातील मधली मुलगी. वय आठ वर्षे, इयत्ता दुसरी. ती बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवते, वाचते, प्रश्न विचारते आणि अन्यायाविरुद्ध उभी राहते.

या पात्राचे सामान्यतः दोन प्रकारे अर्थनिर्णयन केले जाते. एका मतानुसार लिसा ही लेखकांची मुखपात्र आहे; मालिकेची नैतिक भूमिका तिच्या तोंडून व्यक्त होते. दुसऱ्या मतानुसार ती इतर पात्रांप्रमाणेच उपहासाचा विषय असून तिच्याद्वारे उदारमतवादी पुस्तकी सद्गुणाची थट्टा केली जाते. ही दोन्ही मते अपुरी आहेत, कारण दोहोंतही पात्राचा विचार रूपबंधापासून तोडून केला जातो. लिसा काय बोलते यापेक्षा, ती ज्या रूपबंधात बोलते त्याच्याशी तिच्या बोलण्याचे नाते कोणते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

2

कौटुंबिक प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा पायाभूत संकेत यथास्थितीकडे परतण्याचा आहे. भागाच्या आरंभी जी स्थिती असते ती मध्यंतरी विस्कटते आणि अखेरीस पूर्ववत होते. नॉर्थ्रप फ्राय यांनी ‘ॲनाटमी ऑफ क्रिटिसिझम’ (1957) मध्ये सुखात्मिकेची गती जुन्या, जखडलेल्या समाजाकडून नव्या समाजाच्या स्थापनेकडे जाणारी असते असे म्हटले आहे. प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका ही गती अर्धीच स्वीकारते. जुन्या समाजाचा विस्कोट ती दाखवते. नव्या समाजाची स्थापना मात्र करीत नाही, कारण पुढील आठवड्यात तोच जुना समाज तिला पुन्हा हवा असतो. ॲनिमेशनमध्ये हा संकेत अधिक कठोर होतो. देहधारी नट वयाने वाढतात, त्यामुळे इतर मालिकांना काळाची दखल नाइलाजाने तरी घ्यावी लागते. रेखाटलेल्या पात्रावर काळाचा असा कोणताही हक्क नसतो. लिसा 1989 मध्ये आठ वर्षांची होती आणि आजही आठच वर्षांची आहे.

याउलट आदर्शवाद ही मूलतः भविष्यकाळाशी बांधलेली वृत्ती आहे. जे आहे ते तसेच राहू नये, ही त्याची पहिली मागणी. ज्या रूपबंधाने भविष्यकाळ नाकारला आहे त्यात भविष्यकाळाचा आग्रह धरणारे पात्र ठेवणे, हा लिसाच्या व्यक्तिरेखेतील मूळ अंतर्विरोध होय. मालिकेने तिला भविष्य दिले आहे ते केवळ दर्शनाच्या चौकटीत. ‘लिसाज वेडिंग’ (1995) मध्ये तिचा विवाहप्रसंग ज्योतिषिणीच्या भाकितातून दिसतो. ‘बार्ट टू द फ्यूचर’ (2000) मध्ये ती राष्ट्राध्यक्ष होते, तेही भावाला घडवलेल्या भविष्यदर्शनात. दर्शन संपताच दुसरीचा वर्ग तिची वाट पाहत असतो.

अनेक लेखकांनी मिळून दीर्घकाळ लिहिलेल्या पात्रात एकसंधता शोधणे गैर आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. पण वरील अंतर्विरोध कोणा एका लेखकाच्या हेतूवर अवलंबून नाही. तो रूपबंधातच असल्यामुळे प्रत्येक लेखकाला त्याच्याशी झगडावे लागते. त्यामुळे लिसाच्या कथांचा इतिहास हा या एका अडचणीच्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास म्हणून वाचता येतो.

3

अमेरिकन वाङ्मयात बालपात्राच्या नजरेतून समाजाची चिकित्सा करण्याची परंपरा प्रबळ आहे. मार्क ट्वेनचा हकलबरी फिन हा तिचा आद्य नायक. परंतु हकची नैतिकता ही अशिक्षिताची नैतिकता आहे. समाजाने शिकवलेले सारे त्याला चुकीच्या बाजूला ओढते, आणि त्याचे अंतःकरण त्या शिकवणुकीला न जुमानता योग्य निवड करते. त्याचा वारसा या मालिकेत बार्टकडे गेला आहे. लिसाचे स्वरूप नेमके उलट आहे. तिची नैतिकता वाचनातून, शाळेतून, संविधानाच्या आणि स्वातंत्र्याच्या पाठांतून आलेली आहे. समाजाने जे शिकवले त्यावर तिने विश्वास ठेवला, हाच तिचा प्रमाद. हक समाजाचे ऐकत नाही म्हणून मुक्त आहे. लिसा समाजाचे शब्दशः ऐकते म्हणून समाजाला अडचणीची होते.

‘मोनिंग लिसा’ (1990) या आरंभीच्या भागातच हे स्पष्ट होते. शाळेच्या वाद्यवृंदाच्या सरावात देशभक्तिपर गीत चालू असताना लिसा स्वतःची सुरावट छेडते. शिक्षक रागावतात तेव्हा ती सांगते, की आपले वादन बेघर कुटुंबांविषयी, जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याविषयी आणि खाणकामगाराविषयी आहे. अशी मंडळी कार्यक्रमाला येणार नाहीत, या अर्थाचे उत्तर तिला मिळते. या उत्तरातील विनोद शिक्षकावर उलटतो, मुलीवर नव्हे. लिसा देशाचे गीत नाकारीत नाही. त्या गीतात ज्यांचा समावेश व्हावयास हवा होता त्यांना ती त्यात आणते. पुढे आई मार्ज तिला, स्वतःच्या आईकडून शिकलेला, हसरा चेहरा ठेवण्याचा धडा देते. तो धडा मुलगी पाळू लागताच इतर मुले तिचा कसा फायदा घेतात हे पाहून मार्ज आपला सल्ला मागे घेते आणि तिला दुःखी असण्याची मुभा देते. विनोदी मालिकेत एखाद्या पात्राला न हसण्याचा अधिकार मिळणे ही रूपबंधाच्या दृष्टीने लहान घटना नव्हे.

या आदर्शवादाला भौतिक पाया आहे, याचेही भान मालिकेच्या चांगल्या भागांत दिसते. होमर अणुऊर्जा केंद्रात नोकरी करतो. घरात पैशाची ओढाताण नेहमीची. ‘लिसाज सॅक्स’ (1997) मध्ये मुलीची असामान्य बुद्धिमत्ता लक्षात येते, पण खासगी शाळा परवडत नाही. अखेरीस उकाड्याच्या दिवसांत वातानुकूलन यंत्रासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून होमर तिला सॅक्सोफोन घेऊन देतो. तिच्या प्रतिभेमागे घरच्यांनी सोसलेला उकाडा आहे. ‘सेपरेट व्होकेशन्स’ (1992) मध्ये व्यवसायकल चाचणी तिच्यासाठी गृहिणीपद निश्चित करते, आणि वडिलांकडून आलेली आखूड बोटे तिला मोठी वादक होऊ देणार नाहीत असे सांगितले जाते. त्यानंतर हीच गुणी मुलगी शिक्षकांच्या उत्तरांसहित असलेल्या प्रती चोरते. भविष्य काढून घेतले की आदर्शवाद किती वेगाने ढासळतो, याचे हे निरीक्षण आहे. लिसाचा सद्गुण हा तिचा जन्मजात स्वभाव नसून काही अटींवर टिकणारी धारणा आहे, हे येथे सिद्ध होते. बर्गसाँप्रणीत ताठरपणाची कल्पना या पात्राला जशीच्या तशी लागू पडत नाही, याचे पहिले कारण हेच.

4

रूपबंध आणि आदर्श यांच्यातील संघर्ष मिटविण्याच्या तीन रीती तीन भागांत पाहता येतात.

पहिली रीत अतिरिक्त न्यायाची. ‘मिस्टर लिसा गोज टू वॉशिंग्टन’ (1991) या भागाचे शीर्षक फ्रँक काप्रा यांच्या 1939 च्या चित्रपटाकडे निर्देश करते. निबंधस्पर्धेसाठी राजधानीत आलेली लिसा एका लोकप्रतिनिधीला लाच घेताना पाहते, तिची श्रद्धा कोसळते, आणि ती कौतुकाचा निबंध बाजूला सारून संतापाचा निबंध वाचते. त्यानंतर शासनयंत्रणा अविश्वसनीय वेगाने हलते, तो प्रतिनिधी सापळ्यात अडकतो, आणि व्यवस्था काम करते असा निर्वाळा लिसा देते. काप्राच्या चित्रपटातील भावुक विजयाचे हे विडंबन आहे. न्यायाचा वेग इतका आहे की त्यावर कोणीही विश्वास ठेवू नये, हीच त्यामागील अपेक्षा. लिसाची श्रद्धा परत येते. प्रेक्षकाची येत नाही.

दुसरी रीत बाजाराची. ‘लिसा व्हर्सेस मॅलिबू स्टेसी’ (1994) या भागाला वास्तवातील एक घटना पार्श्वभूमी म्हणून आहे. 1992 मध्ये बाजारात आलेल्या बोलक्या बार्बीच्या तोंडी गणिताचा तास अवघड असतो अशा आशयाचे वाक्य होते आणि त्यावर टीका झाली होती. लिसा अशा बाहुलीला पर्याय म्हणून नवी बाहुली तयार करविते. प्रतिस्पर्धी कंपनी जुन्याच बाहुलीला नवी टोपी घालते, आणि गर्दी तिकडे वळते. एक लहान मुलगी मात्र लिसाची बाहुली उचलते. एवढी एक जरी मिळाली तरी श्रम सार्थ झाले, असे लिसाला वाटते. त्या एकीने 46,000 डॉलर दिले तर, अशी पुस्ती तिची सहकारी जोडते. या पुस्तीमुळे आदर्श खोटा ठरत नाही, त्याची किंमत मात्र आकड्यात समोर येते.

तिसरी रीत मौनाची, आणि तीच सर्वांत विवाद्य. ‘लिसा द आयकॉनोक्लास्ट’ (1996) मध्ये गावाचा संस्थापक जेबेडाया स्प्रिंगफील्ड हा मुळात खुनशी चाचा होता, हे लिसा पुराव्यानिशी शोधून काढते. शाळा, गाव, इतिहासमंडळ सारेच तिला झिडकारतात. अखेर सत्य सांगण्याची संधी मिळते तेव्हा उत्सवातील लोकांचे चेहरे पाहून ती गप्प राहते आणि संस्थापकाचा गौरव करते. मिथकाने लोकांतील चांगुलपणा जागवला असेल तर ते मोडण्याचा अधिकार संशोधकाला आहे काय, असा प्रश्न या भागाने विचारला आहे. हे मौन शरणागती म्हणून वाचता येते. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. लिसाला येथे कोणी गप्प बसविलेले नाही. सत्य तिच्या हाती आहे, व्यासपीठही तिच्या हाती आहे, आणि निवड तिची आहे. प्रेक्षकाला तर सत्य आधीच कळलेले आहे. गावाची यथास्थिती टिकते, पण ती एका असत्यावर टिकली आहे हे ज्ञान प्रेक्षकाजवळ उरते. रूपबंधाने परतीचा संकेत पाळला आणि त्याच वेळी त्या परतीची लबाडीही उघड केली.

5

या तीनही भागांच्या अखेरीस स्प्रिंगफील्ड होते तसेच राहते. ‘लिसा द व्हेजिटेरियन’ (1995) मध्ये मात्र वेगळे घडते. कोकरू पाहिल्यानंतर ताटातील मांस लिसाला खाववत नाही. शाकाहाराचा स्वीकार केल्यानंतर ती होमरच्या मेजवानीतील भाजलेले डुक्कर पळवून नेते, म्हणजे आल्सेस्तच्याच वाटेने जाते. तिच्या ताठरपणाला खरे उत्तर मिळते ते दुकानदार अपू याच्याकडून. तो भारतीय आहे, आणि प्राण्यांपासून मिळणारे कोणतेही अन्न तो घेत नाही. चीज खाणारी लिसा त्याच्या दृष्टीने अपुरीच ठरते. तरीही आपला आचार इतरांवर लादू नये, हे आपण फार पूर्वी शिकलो, असे तो तिला समजावतो.

फिलँतच्या व्यवहारी शहाणपणाशी अपूच्या या सल्ल्याचे वरवर साम्य आहे. प्रत्यक्षात दोहोंत मोठे अंतर आहे. फिलँत इतरांना सूट देतो तशी स्वतःलाही देतो. अपू स्वतःला सूट देत नाही. लिसाहून कठोर व्रत पाळून तो इतरांविषयी सौम्य राहतो. सहिष्णुता आणि उदासीनता यांतील फरक यापेक्षा नेमकेपणाने दाखविणे कठीण आहे. लिसा वडिलांची क्षमा मागते, पण शाकाहार सोडत नाही.

आणि तो तिने पुढेही सोडलेला नाही. या भागात पॉल आणि लिंडा मॅकार्टनी यांनी स्वतःच्याच भूमिकांना आवाज दिला. लिसाने कायम शाकाहारी राहावे ही पॉल मॅकार्टनी यांची अट होती. रूपबंध आपण होऊन नमला नाही, बाहेरच्या एका माणसाच्या आग्रहापुढे नमला, हे मान्य केले पाहिजे. तरीही वाट मोकळी झाली ती झालीच. ‘शी ऑफ लिटल फेथ’ (2001) मध्ये लिसाने बौद्ध धर्म स्वीकारला, आणि तोही पुढे कायम राहिला.

येथे बर्गसाँचे सूत्र उलटे करून पाहावे लागते. यांत्रिकता हे जर हास्यास्पदतेचे लक्षण असेल, तर स्प्रिंगफील्डमध्ये यांत्रिक कोण आहे? दर आठवड्याला तीच चूक करणारा होमर, तोच जमाव, तीच शाळा. या यंत्रवत् जगात ज्या मोजक्या पात्रांना शिकलेले लक्षात राहते, त्यांत लिसा अग्रभागी आहे. समाजाला जो ताठरपणा वाटतो ती खरे पाहता बदलण्याची क्षमता आहे, आणि समाजाची लवचीकता म्हणून जी मिरवते ती पुनरावृत्ती आहे. लिसा हास्याचा विषय होते तेव्हाही हास्याचा न्याय तिच्या बाजूला झुकतो, याचे कारण हे.

6

या पार्श्वभूमीवर 8 एप्रिल 2018 रोजी प्रसारित झालेल्या ‘नो गुड रीड गोज अनपनिश्ड’ या भागातील एक दृश्य तपासले पाहिजे. 2017 मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदकाराने ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट केला. हँक अझारिया या गौरवर्णीय नटाने अतिरंजित भारतीय उच्चारांत बोललेला अपू हा अमेरिकेत वाढणाऱ्या दक्षिण आशियाई मुलांच्या चेष्टेचे साधन कसा झाला, हा त्याचा विषय. मालिकेने याला जे उत्तर दिले ते लिसाच्या तोंडून. मार्ज आपल्या बालपणीचे एक आवडते पुस्तक आक्षेपार्ह मजकूर काढून मुलीला वाचून दाखवते, गोष्ट निःसत्त्व होते, आणि मग लिसा थेट प्रेक्षकांकडे वळून सुचवते, की जे कित्येक दशकांपूर्वी निरुपद्रवी म्हणून वाखाणले गेले ते आज अयोग्य ठरले, तर करायचे काय? तिच्या शेजारी अपूची तसबीर दिसते.

या दृश्यावर टीका झाली ती मुख्यतः वांशिक प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने, आणि ती रास्तच होती. परंतु त्यात एक वाङ्मयीन दोषही आहे आणि तो त्या नैतिक दोषाहून वेगळा काढता येत नाही. वेन बूथ यांनी ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ (1961) मध्ये मांडलेली गर्भित लेखकाची संकल्पना येथे उपयोगी पडते. आजवर मालिकेचा गर्भित लेखक आणि लिसा यांच्यात एक अंतर होते. तो तिच्यावर प्रेम करी, तिला हसे, तिला हरू देई, पण तिच्या आड लपत नसे. या दृश्यात ते अंतर नाहीसे होते. लेखकाला स्वतःच्या नावाने जे म्हणता येत नाही ते तो तिच्या तोंडी घालतो, कारण जवळजवळ तीन दशकांत तिने मिळवलेली नैतिक पत त्याला हवी असते. लिसा मुखपात्र आहे हे एरवी अपुरे असलेले मत या एका दृश्यापुरते खरे ठरते, आणि ते खरे ठरताच पात्र कोसळते.

नाट्यभूमिकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे आल्सेस्तला फिलँतची भूमिका देण्यात आली आहे. जगाच्या रीतीपुढे हात टेकणे हा फिलँतचा स्वर. तो ‘मिस्टर लिसा गोज टू वॉशिंग्टन’मध्ये भर सभेत संतापाचा निबंध वाचणाऱ्या मुलीचा नव्हे. आणि हा फिलँत अपूच्या तोलाचाही नाही. अपूची सौम्यता स्वतःवर घातलेल्या कठोर निर्बंधातून आली होती. येथील सौम्यता स्वतःलाच सूट देण्यासाठी आहे. ज्याने लिसाला सहिष्णुता शिकवली तोच या दृश्यात मूक तसबीर होऊन बसला आहे, आणि त्याच्याविषयी त्याला न विचारता बोलले जात आहे. ‘लिसा द आयकॉनोक्लास्ट’मधील मौनाशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. तेथे लिसा सत्य जाणून गप्प राहिली, आणि त्या मौनाचे मोल तिने स्वतः दिले. येथे ती बोलते, पण बोलण्याचे मोल दुसऱ्याकडून वसूल केले जाते.

पुढील घडामोडी उद्बोधक आहेत. अझारिया यांनी 2020 मध्ये अपूला आवाज देणे थांबविल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी गौरेतर पात्रांना गौरवर्णीय नट यापुढे आवाज देणार नाहीत असे मालिकेने जाहीर केले. ‘करायचे काय’ या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते दोनच वर्षांत सापडले. ते उत्तर शोधणे हेच लिसाच्या स्वभावाला धरून झाले असते.

7

आदर्शवादी बालपात्र हे विनोदी रूपबंधाचे भूषण असते की त्याची चिकित्सा, या प्रश्नाचे उत्तर पात्राच्या गुणवर्णनातून मिळत नाही. ते रूपबंधाला अडचणीत आणते की त्याची अडचण सोडवते, यावर ते अवलंबून असते. ‘लिसाज सब्स्टिट्यूट’ (1991) मध्ये बर्गस्ट्रॉम हे बदली शिक्षक गाव सोडताना लिसाच्या हाती एक चिठ्ठी देतात. तिच्यात उपदेश नाही, आश्वासन नाही. ती कोण आहे एवढेच, तिच्या नावानिशी, लिहिलेले आहे. तर्कदृष्ट्या ही द्विरुक्ती आहे. पण ज्या जगात प्रत्येक गोष्ट पूर्वस्थितीला परत येते तेथे एखाद्याला त्याचे नाव परत देणे आणि तू तीच राहा असे सांगणे, यांत मोठे अंतर आहे. नावात बदलण्याची मुभा असते, भूमिकेत नसते. 2018 च्या दृश्यात लिसाचे नाव तसेच राहिले. तिला भूमिका मात्र दुसऱ्याची मिळाली. पात्राशी इमान राखणे ही केवळ सुसंगतीची, म्हणजे तंत्राची, बाब नसून लेखकाच्या नीतीची बाब आहे, हे या एका लोकप्रिय मालिकेच्या उदाहरणावरूनही ध्यानात यावे.